सड्यावरचं शून्य

कातवणे गावाच्या डोक्यावर एक सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा सपाट, उघडा माळ. मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय टाकाल, तर पापडासारखे भाजून निघाल. त्या सड्यावर जपावेत असे किती सजीव राहतात, असं नगरपंचायतीने विचारलं होतं. उत्तर आलं होतं : शून्य.

"शून्य!" कुंदाआत्याने हातातली पाटी ओट्यावर आपटली. कागदाएवढी पातळ, दिव्यासारखी उजळणारी ती पाटी होती. नगरपंचायतीचे सगळे कागद हल्ली असेच घरोघर यायचे. "अरे दादा, मग श्रावणात तिथे जांभळ्या फुलांचा गालिचा कोण अंथरतं? नगरपंचायत?"

बाबा सुरमईचे तुकडे धुवत होते. "मला काय विचारतेस? मोजणी नोंद्याने केली. यंत्र खोटं बोलत नाही."

"यंत्र खोटं बोलत नाही. यंत्राला कुणीतरी खोटं सांगतं. हे बघ, खाली लिहिलंय : 'सोबत आलेल्या स्थानिक व्यक्तीला विचारले. उत्तर : इथे काही नाही.' कुठल्या गाढवाने सांगितलं असेल?"

दाराआड उभी असलेली शर्वी आणखी मागे सरकली.

ते गाढव म्हणजे तीच होती.

शर्वी घाडी अकरा वर्षांची. तिचं घर सड्याच्या पायथ्याशी, अगदी शेवटचं. म्हणून मागच्या महिन्यात नोंद्या आला, तेव्हा बाबांनी तिलाच पायवाट दाखवायला पाठवलं होतं. नोंद्या म्हणजे नगरपंचायतीचा सर्वेक्षक यंत्रमानव (जागेवर जाऊन पाहणी आणि मोजणी करणारा). सहा पायांचा, पिंपाएवढ्या पोटाचा. लहानथोर सगळ्यांना तो 'तुम्ही' म्हणायचा. दर शंभर पावलांवर थांबून तो चिमूटभर माती पोटात टाकत होता. शेवटी त्याने विचारलं होतं, "शर्वीताई, तुम्ही इथे काही पाहिलं आहे का? एखादी विशेष जागा?"

आणि शर्वी म्हणाली होती, "नाही. इथे काही नाही."

खरं म्हणजे तिने पाहिलं होतं. पण ती सांगू शकत नव्हती. सांगितलं असतं, तर 'ते' तिच्या मागे आलं असतं.

"आत्या," शर्वी हळूच पुढे आली, "शून्य आलं तर काय होतं?"

कुंदाआत्या रत्नागिरीला मातीतल्या जिवांचा अभ्यास करायची. चार दिवसांच्या सुट्टीवर आली होती आणि आल्यापासून त्या पाटीला चिकटून बसली होती. तिने शर्वीला जवळ ओढलं.

"तुला मैत्रिणीकडे खेळायला जायचं असतं, तेव्हा आई काय म्हणते?"

"जा, पण दिवेलागणीच्या आत ये."

"बघ! नुसतं 'जा' नाही आणि नुसतं 'नको' पण नाही. 'जा, पण.' त्या 'पण'च्या पुढे जे येतं ना, ती अट. सड्यावर उड्डाणतळ व्हायचाय. मालवाहू उडती यंत्रं तिथून मासळी, आंबे घेऊन तासाभरात शहरात जाणार. तुझ्या बाबालाही तो हवाय."

"हवाच आहे," बाबा म्हणाले. "बर्फ वितळेपर्यंत मासळी वाटेतच असते."

"होऊ दे की! मी कुठे नको म्हणतेय? पण नगरपंचायत बांधकामाची परवानगी देते, ती अटींसकट. इथे झाडं ठेवा, तिथे पाण्याची वाट अडवू नका, अमक्या महिन्यात खोदू नका. या अटी कशावरून ठरतात? तिथे कोण राहतं त्यावरून. जैवविविधता म्हणतात त्याला (एका जागी राहणाऱ्या सगळ्या तऱ्हेच्या सजीवांचा गोतावळा). आता तूच सांग, तिथे कुणीच राहत नसेल, तर अट कुणासाठी घालायची?"

"कुणासाठीच नाही," शर्वी पुटपुटली.

"बरोब्बर. शून्य सजीव, शून्य अटी. सोमवारी कातळफोड्या यंत्र चालू होईल आणि सडा आरपार सपाट करेल. हरकत घ्यायची मुदत आज पाच वाजेपर्यंत आहे." आत्याने घड्याळाकडे पाहिलं. "आता साडेअकरा. आणि माझ्या हातात पुरावा नाही. सडा उन्हाळ्यात झोपलेला असतो गं. बिया फटींत, कंद मातीत, बेडूक खोल ओलाव्यात. ग्रीष्मनिद्रा म्हणतात (उन्हाळा टाळण्यासाठी घेतलेली लांब झोप). झोपलेल्या घराचं दार वाजवून यांनी लिहिलं, घरात कुणी नाही!"

शर्वीने पाटीवरची ती ओळ पुन्हा वाचली : इथे काही नाही.

गेल्या श्रावणातली गोष्ट. शर्वी आणि शेजारची मंदा सड्यावर फुलं वेचायला गेल्या होत्या. एका कासवाच्या पाठीसारख्या दगडाखालून पाण्याची बारीक धार येत होती. शर्वीने सहज दगड कलता केला. आणि आत, काळ्या ओल्या मातीत, एक जांभळट-करडं, चकाकतं वेटोळं होतं. साप म्हणावा, तर अंगावर खवले नाहीत, नुसती वळ्यांमागून वळी. आणि तोंडाच्या जागी... डोळेच नव्हते. वेटोळ्याच्या मधोमध दुधी मण्यांचा घोस होता. जणू एखादी माळ तुटून पडली होती आणि ते बिनडोळ्यांचं काहीतरी ती सांभाळत बसलं होतं.

शर्वीच्या हातून दगड सुटला. मंदाने तिला ओढत ओढत खाली आणलं.

"तो मणी राखणारो," मंदा धापा टाकत म्हणाली होती. "माझ्या पणजीन सांगितल्यान हा. कोणाक सांगू नको हां! सांगलंस तर तो तुझ्या मागसून येतलो. डोळे नाय त्याका, पण नाव घेतलेला कळता."

तेव्हापासून शर्वी मोरीत पाय टाकण्याआधी कोपरे बघायची. अंथरुणाची घडी झटकून मगच निजायची. नऊ महिने तिने कुणालाही, अगदी आईलाही, एक अक्षर सांगितलं नव्हतं.

आणि आता आत्या म्हणत होती, पाच वाजेपर्यंत.

जेवायला सुरमईचं तिखलं होतं. शर्वीला घास गिळवेना. न सांगावं, तर सडा जाणार. सांगावं, तर 'ते' येणार. शिवाय आत्याला कळणार की गाढव कोण. दोन्हीकडून आगच! तिने मनातल्या मनात त्या वेटोळ्याचा विचार केला. कातळफोड्याचा दात त्या दगडावर पडेल तेव्हा ते काय करेल? पळेल? पाय तर नाहीत त्याला. आणि ते मणी टाकून पळेल तरी का? डोक्यावरचा दगड उचलला तरी ते हललं नव्हतं. घाबरलं असेल ना तेही?

"आत्या," ती एकदम म्हणाली आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, "ते गाढव मी आहे."

मग सगळं बाहेर पडलं, रडत, अडखळत, ताटावरच. सांगताना तिने दोन्ही पाय पाटावर वर घेतले होते.

आत्या रागावेल असं वाटलं होतं. आत्या उठली आणि खरकट्या हातानेच तिला कवटाळून घेतलं.

"डोळे नाहीत? अंगावर वळ्या? आणि मणी सांभाळत होतं? अगं शर्वे, ते देवगांडूळ!"

"गांडूळ?"

"नावाचंच गांडूळ. खरं तर बेडकाच्या नात्यातलं. उभयचर (पाणी आणि जमीन दोन्हींच्या आधाराने जगणारा प्राणी). पाय नाहीत, डोळे कातडीखाली झाकलेले. आयुष्य मातीत जातं, डोळ्यांचं काम काय? माणसाला काही करत नाही. आणि ते मणी म्हणजे अंडी. ती आई होती बाळा. पिल्लं बाहेर येईपर्यंत ती अंड्यांना विळखा घालून बसते, जागची हलत नाही."

बाबा म्हणाले, "आम्ही तर दिसलं की काठीने मारायचो. साप समजून."

"सगळेच मारतात," आत्या म्हणाली. "चप्पल घाल शर्वी. तो दगड दाखव."

शर्वीला सगळं कळलं होतं. आई, अंडी, बेडकाच्या नात्यातलं. पण भीतीला कळलेलं नव्हतं. पाय घालण्याआधी तिने दोन्ही चपला उलट्या करून झटकल्या.

सड्यावर दुपारचं ऊन नुसती आग ओतत होतं. मधोमध कातळफोड्या येऊन उभा होता. घराएवढा, पिवळा, पुढे एकच लांब पोलादी दात. तो बंद होता, तरी शर्वीला वाटलं, तो दबा धरून आहे. नोंद्या चुन्याच्या रेघा आखत फिरत होता.

"नमस्कार शर्वीताई. या वर्तुळात सोमवारपासून येऊ नये."

"नोंद्या," आत्या म्हणाली, "मी हरकत घेणार आहे. नवीन जागेचा नमुना घ्यायचाय."

"नियमात बसते. जागा दाखवा."

शर्वीने बोट दाखवलं. कासवाच्या पाठीचा दगड वर्तुळाच्या ऐन मधे होता. भोवती सगळं कोरडं ठणठणीत. पाण्याची धार तर नव्हतीच.

"इतक्या जवळून तू माती घेतलीस आणि काही सापडलं नाही?" शर्वीने विचारलं.

"माझा नमुना इथून बावीस पावलांवर होता. कोरडी माती. पर्यावरणीय डीएनए आढळला नाही."

"म्हणजे काय?"

आत्याने घाम पुसला. "बाबा बाजारातून आले की न बघता तुला कसं कळतं?"

"वासावरून. आणि बाहीला खवला चिकटलेला असतो."

"तसंच. प्रत्येक जीव जिथे राहतो तिथे आपलं काहीतरी सांडतो. कातडीचा पापुद्रा, चिकट स्राव, लेंडी. त्यात डीएनए असतो (पेशीतला धागा, ज्यात त्या जिवाची ओळख लिहिलेली असते). माती तपासली की जीव न दिसताही कळतं, इथे कोण राहतं ते. पण मूठ योग्य जागेवरची हवी. ओसरीवरची धूळ तपासून माजघरात कोण निजलंय ते कसं कळणार? म्हणून तर हा गाववाल्यांना विचारतो."

शर्वी दगडासमोर बसली. बोटं कडेखाली घालायची होती. अंधाऱ्या कडेखाली. तिने डोळे मिटले, उघडले, परत मिटले.

"मी उचलू?" आत्याने विचारलं.

"नको. मीच टाकला होता तो."

दोघींनी मिळून दगड कलता केला. शर्वीने श्वास रोखला.

खाली काही नव्हतं.

भुरकी माती आणि एक वाळलेलं मूळ. वेटोळं नाही, मणी नाहीत. शर्वीला आधी हायसं वाटलं आणि लगेच रडू कोसळलं. ती खोटारडी ठरणार होती, तीही दुसऱ्यांदा. नोंद्याने चिमूटभर माती घेतली, पोटात घरघर झाली. "नमुना अपुरा. ओलावा नाही. खोल नमुना हवा."

मातीत एक चीर होती, तिरकी, काळी. आत्याचा हात मनगटाशीच अडकला. नोंद्याची नळी जाडजूड. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे दोघींनी पाहिलं आणि नोंद्याने दिवा वळवला.

शर्वीचा हात बारीक होता.

तिने बांगड्या काढून आत्याकडे दिल्या. बोटं आत गेली. मनगट. मग कोपर. वरची माती गरम होती, मग कोमट, मग एकदम गार. ओली, लोण्यासारखी मऊ. आणि तिथे, बोटांच्या टोकाशी, काहीतरी हललं. का तिचीच नाडी उडत होती? तिला ओरडायचं होतं, हात ओढून घ्यायचा होता, घरी पळायचं होतं. "तुझी शपथ," ती अंधाराला कुजबुजली, "मी फक्त माती घेतेय." मूठ मिटली आणि सावकाश, अगदी सावकाश हात बाहेर काढला.

मूठभर काळी माती. नोंद्याने ती गिळली.

"वीस मिनिटे लागतील."

आत्याने दगड होता तसा, त्याच कुशीवर ठेवायला लावला. मग कातळफोड्याच्या सावलीत दोघी बसून राहिल्या, कारण दुसरी सावलीच नव्हती. शर्वी सारखी मागे वळून बघत होती. काही येत नव्हतं. पण येणारच नाही, याची खात्री कुणी द्यावी?

विसाव्या मिनिटाला नोंद्या बोलला. "नमुन्यात देवगांडुळाचा अंश आढळला. अंश ताजा आहे. जीव खाली आहे. जीव हयात आहे."

आत्याने नोंद्याच्या पिंपासारख्या पोटाला चक्क मिठी मारली आणि चटका बसून किंचाळली.

सव्वाचार वाजता ते नगरपंचायतीत पोचले. मुख्याधिकारी मनवे मॅडम टेबलामागे होत्या आणि समोर उड्डाणतळाचे इंजिनिअर दाभोळे. पुरावा बघून दाभोळ्यांनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, एका गांडुळासाठी सगळं थांबवायचं? आणि या मुलीनेच आधी काही नाही म्हणून सांगितलंय ना? आज हो म्हणते, उद्या नाही म्हणेल!"

मनवे मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "निवेदन बदलायचं, तर कारण नोंदवावं लागेल. नोंद्या, काय पर्याय आहेत?"

"एक, माहीत नव्हते. दोन, विसरले. तीन, जाणूनबुजून दिशाभूल केली."

वर पंखा करकरत होता. 'विसरले' म्हटलं की सुटका. कुणाला कळणार होतं? आत्या नुसती तिच्याकडे बघत होती.

"यातलं एकही नाही," शर्वी म्हणाली. "मला भीती वाटत होती. मंदा म्हणाली, सांगितलं तर ते मागे येतं. आणि नोंद्याला सांगितलं असतं, तर त्याने दगड उचलायला लावला असता. म्हणून मी काही नाही म्हणाले. अजूनही भीती वाटतेय."

"भीती हा पर्याय यादीत नाही," नोंद्या म्हणाला.

"मग घाल यादीत," मनवे मॅडम म्हणाल्या. "आणि थांब. आम्ही लोकांना विचारतो, काय पाहिलंत? लोक म्हणतात, काही नाही. कुणाला आठवत नाही, कुणाला सांगायचं नसतं. पण प्रत्येक गावात मुलांना सांगतातच की, अमक्या दगडाजवळ जाऊ नको, तमक्या डोहात उतरू नको. यापुढे आपल्या प्रश्नांत एक वाढव : इथे तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"वाढवला." नोंद्याचा दिवा वळला. "दाभोळेसाहेब, सड्यावर तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"मला?" दाभोळे गडबडले. "मला कसली भीती! म्हणजे, ते दक्षिणेकडच्या घळीत संध्याकाळी काहीतरी फडफडतं... वटवाघळं असतील..."

"ठिकाण दाखवावे लागेल."

मनवे मॅडमनाही हसू आवरलं नाही.

पाचला दहा कमी असताना नवा कागद तयार झाला. परवानगी रद्द झाली नाही, तिला अटी लागल्या. पहिली : मोजणी पुन्हा होईल, श्रावणात, सडा जागा असताना. दुसरी : तोवर सड्यावर दात लागणार नाही. तिसरी : उड्डाणतळ पलीकडच्या जुन्या चिरेखाणीत (जिथले दगड आधीच कापून नेले आहेत) बसतो का, ते आधी बघावं. तीही जागा मोजूनच. दाभोळ्यांनी नकाशा उलटसुलट फिरवला आणि कुरकुरत म्हणाले, "बसेल. रस्ता थोडा लांब पडेल, पण बसेल."

श्रावणात सडा ओळखू येत नव्हता. जांभळं, पिवळं, पांढरं काय काय फुललं होतं आणि खळग्याखळग्यांत आभाळ साचलं होतं. नोंद्याच्या यादीत आता एकशे त्रेचाळीस नावं होती. त्यातली एकोणीस लोकांच्या भीतीने दाखवलेल्या जागांवरची होती. मंदाच्या पणजीने तर एकटीने चार जागा सांगितल्या होत्या. मंदा मात्र अजून वर आली नव्हती. खालून ओरडून विचारत होती, "इला काय गो मागसून?"

शर्वीने कासवाच्या पाठीचा दगड दोन बोटं कलता केला. खाली धार झुळझुळत होती. ओल्या मातीत ते जांभळट वेटोळं होतं आणि मधे दुधी मण्यांचा घोस. बिनडोळ्यांचं तोंड किंचित वर उचललं गेलं.

शर्वीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"शर्वीताई," नोंद्याने हळू आवाजात विचारलं, "अजून भीती वाटते का?"

"वाटते."

"नोंद करू?"

"कर," शर्वी म्हणाली. आणि झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं, तसा तिने दगड अलगद खाली ठेवला.